थेरपिस्ट गप्प बसतात आणि मला राग येतो. हे असंच असतं का?

कोरी_पानं

गेले काही महिने मी सायकोडायनॅमिक थेरपी घेतेय, म्हणजे मनात दडलेल्या भावना आणि जुनी नाती बोलण्यातून समजून घ्यायची पद्धत. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, पन्नास मिनिटं. याआधी झोप लागत नव्हती आणि छातीत धडधडायचं, त्यासाठी मी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी थेरपी) घेतली होती. तिचा मला फायदा झाला, हे आधीच सांगते. तिथे प्रत्येक वेळी काय करायचं ते ठरलेलं असायचं, घरी भरायला तक्ते असायचे, पुढच्या वेळी ते बघितले जायचे. धडधड थांबली. पण ज्याच्यापायी ती सुरू झाली होती ते तसंच राहिलं: ऑफिसात मला कुणालाही 'नाही' म्हणता येत नाही. चूक दुसऱ्याची असली तरी 'सॉरी' माझ्याच तोंडून निघतं.

म्हणून या मॅडमकडे गेले. इथे सगळंच वेगळं. मी जाऊन बसते, त्या माझ्याकडे बघतात आणि थांबतात. सुरुवात मीच करायची. काही विचारलं की उत्तराऐवजी प्रश्नच येतो. एकदा सहज विचारलं, 'तुम्हाला मुलं आहेत का?' तर म्हणाल्या, 'हे विचारावंसं वाटलं त्याआधी मनात काय चाललं होतं?' काही चाललं नव्हतं हो, साधा प्रश्न होता!

आता खरा मुद्दा. मध्यंतरी त्यांनी सांगितलं की त्या दोन आठवडे रजेवर आहेत. मी म्हटलं, 'काही हरकत नाही, उलट बरंच झालं, माझीही कामं तुंबलीयत.' रजेनंतरच्या पहिल्याच सेशनला मला वीस मिनिटं उशीर झाला, कारण वेळ डोक्यातूनच निघून गेली होती. त्यांनी शांतपणे विचारलं, 'माझी रजा आणि आजचा उशीर यांचा काही संबंध असेल असं वाटतं का?' माझं डोकं असं तापलं की उरलेला वेळ मी धड बोललेच नाही. सगळं फिरून यांच्यापाशीच का यावं? मी तर ऑफिसबद्दल बोलायला जाते.

बालपणाबद्दलही विचारतात. माझं बालपण चांगलं गेलं. आई बरेचदा आजारी असायची, पण मी समजूतदार होते, घरात सगळे माझं कौतुकच करायचे. तिथे उकरून काढण्यासारखं काही नाही.

तर हे गप्प बसणं ही पद्धत आहे, की त्यांना माझ्यात रसच नाही? उपयोग होतोय की नाही हे कसं ओळखायचं? सोडून द्यावं का?

सरळ_मुद्दा

सीबीटीचा फायदा झाला होता ना? मग परत तिकडेच जा. 'नाही' म्हणायला शिकवण्याची तंत्रं तिथेही आहेत, आणि काम कुठवर आलं ते दिसतं तरी. मला स्वतःला समोरच्याने आराखडा दिल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही. पैसे आपण देतो, वेळ आपण देतो, तर प्रश्नाला सरळ उत्तर मिळावं ही अपेक्षा काही फार मोठी नाही.

समोरची_खुर्ची

मी याच पद्धतीने काम करते, बरीच वर्षं झाली. तुमच्या मॅडमना मी ओळखत नाही, आणि एका पोस्टवरून तुमच्या मनाचा निकाल मी लावणार नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यात या थेरपीतल्या बहुतेक मुख्य गोष्टी आल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गप्प बसण्याबद्दल. डॉक्टर योझेफ ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. त्यात 'ॲना ओ.' या नावाने जिची हकीकत आहे, त्या तरुणीने आपल्या उपचाराला 'बोलण्याचा इलाज' म्हटलं होतं. ब्रॉयर तिच्यावर संमोहन वापरत. फ्रॉइडने पुढे संमोहन सोडलं आणि रुग्णाला एवढंच सांगायला सुरुवात केली की मनात येईल ते बोला, बिनमहत्त्वाचं वाटलं, लाजिरवाणं वाटलं, तरी गाळू नका. १९१३ च्या लेखात तो म्हणतो की रेल्वेच्या डब्यात खिडकीशी बसलेला प्रवासी आतल्या माणसाला बाहेरची बदलती दृश्यं सांगत जातो, तसं बोलावं. याला मुक्त साहचर्य म्हणतात. ऐकणाऱ्यासाठीचा नियम त्याने १९१२ मध्येच लिहिला होता: कुठल्याही एका गोष्टीवर मुद्दाम लक्ष एकवटायचं नाही, सगळं सारख्याच लक्षाने ऐकायचं.

म्हणजे थेरपिस्ट विषय काढत नाही, कारण विषय काढला की तुम्ही त्याचं उत्तर देता. आणि जी व्यक्ती समोरच्याला काय हवंय ते ओळखून नेमकं तेच देण्यात तरबेज आहे, तिच्या बाबतीत तर हे डोळ्यांदेखत घडतं: थेरपिस्टने दोन प्रश्न विचारले की ती चांगली विद्यार्थिनी होऊन बसते. तिला स्वतःला काय म्हणायचंय ते राहूनच जातं. 'तुम्हाला मुलं आहेत का?' याला 'हो, आहेत' असं उत्तर मिळालं असतं तर तो प्रश्न तिथेच संपला असता. अर्थात आजकाल माझ्यासारखे बरेच जण अशा साध्या प्रश्नाला साधं उत्तर देतात आणि मग त्याबद्दल बोलतात. दगडासारखं बसणं म्हणजे सायकोडायनॅमिक नव्हे. शांतता किती, कधी, कुणाबरोबर, हे ठरवणं हे आमचं कौशल्य आहे. ज्या माणसाला लहानपणी शिक्षा म्हणून अबोला सोसावा लागलाय, त्याच्यासमोर मी लांबलचक शांतता धरत नाही, कारण त्यात तो विचार करत नसतो, नुसता घाबरलेला असतो.

आता तो उशीर. इथे मला थांबून नीट लिहायचंय, कारण या एका घटनेत सगळं दिसतं.

तुम्ही रागावलात म्हणून उशिरा गेलात, असं तुमच्या मॅडमनी म्हटलेलं नाही. त्यांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि विचारलं. आमच्याकडे याचा एक फार कामाचा नकाशा आहे. डेव्हिड मालन या ब्रिटिश मनोविश्लेषकाने १९७९ च्या पुस्तकात दोन त्रिकोण मांडले. पहिल्याचे तीन कोपरे म्हणजे दडलेली भावना, त्या भावनेमुळे वाटणारी धास्ती, आणि ती धास्ती वाटू नये म्हणून मन करतं तो बचाव. दुसऱ्या त्रिकोणात माणसं असतात: आजच्या आयुष्यातलं कुणी, भूतकाळातलं कुणी (बहुधा आईवडील), आणि समोर बसलेला थेरपिस्ट. पहिला त्रिकोण या तिन्ही माणसांच्या बाबतीत जवळजवळ एकाच आकाराचा निघतो, हे त्यातलं मर्म.

तुमचं वाक्य घेऊया, पण निव्वळ उदाहरण म्हणून. 'काही हरकत नाही, उलट बरंच झालं.' हा बचाव असू शकतो. कशाविरुद्ध? कदाचित 'मला वाईट वाटलं' किंवा 'मला राग आला' हे जाणवण्याविरुद्ध. ते जाणवलं तर काय होईल ही धास्ती: समोरची व्यक्ती दुखावेल, थकेल, मला हट्टी समजेल. ऑफिसात न केलेल्या चुकीबद्दल 'सॉरी' म्हणतानाही आकार हाच नाही का? आणि तिसरं माणूस? तुम्ही बालपणाबद्दल एकच ओळ लिहिलीत. आजारी आईचं वाक्य 'पण' म्हणून समजूतदारपणाकडे वळलं, आणि लगेच 'तिथे काही नाही' असं आलं. मी याचा अर्थ लावत नाही. एवढंच म्हणते की सेशनमध्ये हे वाक्य कानावर पडलं असतं तर मी ते लक्षात ठेवलं असतं, आणि बहुधा त्या दिवशी बोलले नसते.

का बोलले नसते? १९१० मध्ये फ्रॉइडने 'रानटी' मनोविश्लेषणावर एक छोटा लेख लिहिला. एका डॉक्टरने पहिल्याच भेटीत एका बाईंना त्यांच्या चिंतेचं कारण लैंगिक असमाधान आहे असं ठणकावून सांगितलं आणि वर उपायही सुचवले, त्यावरचा हा लेख. माणसाला जे माहीत नाही ते नुसतं सांगून टाकल्याने तो बरा होत नाही, असं त्याचं म्हणणं. ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या जाणिवेच्या जवळ आलेली हवी, आणि सांगणाऱ्याशी त्याचं नातं तेवढं घट्ट झालेलं हवं. बरोबर असलेला अर्थ चुकीच्या वेळी सांगितला तर तो आरोपासारखा लागतो. तुम्हाला त्या प्रश्नाचा राग आला, तेव्हा कदाचित असंच झालं असेल. मॅडमना थोडी घाई झाली असेल. हेही शक्य आहे, आणि तेही त्यांना सांगता येतं.

'सगळं फिरून यांच्यापाशीच का यावं?' याचं उत्तर ट्रान्सफरन्स, म्हणजे दुसऱ्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर येणं. १९०० साली फ्रॉइडकडे एक अठरा वर्षांची मुलगी आली. १९०५ मध्ये 'डोरा' या नावाने तिची हकीकत छापली गेली. जेमतेम तीन महिन्यांत ती उपचार सोडून गेली. आपल्याला ट्रान्सफरन्स वेळेवर हाताळता आला नाही, असं फ्रॉइडने तिथेच लिहून ठेवलंय: तिच्या मनात इतर पुरुषांबद्दल जे होतं ते त्याच्यावर आलं, त्याला ते वेळीच ओळखता आलं नाही, आणि तिने ते बोलण्याऐवजी निघून जाऊन करून दाखवलं. म्हणून आम्ही खोलीत जे घडतंय त्याकडे इतकं बघतो. ऑफिसातल्या साहेबांबद्दल तुम्ही जे सांगता ती आठवण असते, थोडी घासूनपुसून आलेली. मॅडमवर आलेला राग मात्र जिवंत असतो, दोघींच्या समोर असतो, आणि त्याचं काय करायचं हे त्याच क्षणी ठरवता येतं.

यात थेरपिस्टच्या बाजूचंही काही असतं. पाउला हायमान यांनी १९५० मध्ये मांडलं की रुग्णाबरोबर असताना थेरपिस्टच्या मनात जे उमटतं त्यातूनही रुग्णाचं मन समजू शकतं. तोवर त्याकडे बहुतेक अडचण म्हणूनच बघितलं जायचं. मला एखाद्या सेशनमध्ये सारखं वाटायला लागलं की 'ही किती गुणी आहे, हिच्यासाठी मला काहीच करावं लागत नाही', तर मी सावध होते. माझ्याकडून काहीच न मागण्याची सवय तिला कुठे लागली, हा प्रश्न त्या सुखद वाटण्यातून निघतो. डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० च्या एका लेखात अशा 'खोट्या स्व'बद्दल लिहिलंय: मूल आपल्या गरजा बाजूला ठेवून आईशी जुळवून घेतं, आणि ते जुळवून घेणं इतकं छान जमतं की आतलं माणूस कुणाला दिसतच नाही. समजूतदार मुलांचं घरात कौतुक होतं. त्यांना काय हवं होतं हे विचारायचं राहून जातं.

सोडावं का? मी म्हणेन, एक काम आधी करा. इथे जे लिहिलंत ते तिथे बोला. 'तुम्ही संबंध विचारलात तेव्हा मला प्रचंड राग आला आणि तुम्हाला माझ्यात रस नाही असं वाटतं.' एवढंच. तुम्हाला 'नाही' म्हणायला शिकायचंय ना? तर ते आधी एका अशा माणसाला म्हणून बघा, ज्याचं कामच ते ऐकून घेणं आहे.

सरळ_मुद्दा

उत्तर चांगलंय, पण मग थेरपिस्टची काही चूकच नसते का? क्लायंट चिडला की तो 'ट्रान्सफरन्स', उशीर झाला की 'प्रतिरोध', म्हणजे म्हणे मनच थेरपीला अडवतंय. कधीकधी थेरपिस्ट खरंच वाईट असू शकतो. आणि याला काही पुरावा आहे की नुसत्याच शंभर वर्षं जुन्या गोष्टी?

समोरची_खुर्ची

रास्त प्रश्न आहे, आणि या पद्धतीचा असा गैरवापर होतो. काही वागणं कुठल्याही थेरपीत चालत नाही: थेरपिस्ट स्वतःची दुखणी तुमच्यापुढे मांडत बसतात, सेशनबाहेर मैत्री किंवा जवळीक साधू बघतात, तुमची गोष्ट दुसऱ्यांना सांगतात, तुम्हाला हिणवतात. अशा वेळी अर्थ शोधत बसायचं नाही, निघायचं. आणि तुमच्या प्रत्येक तक्रारीचं एकच उत्तर 'हे तुमच्यातूनच येतंय' असं असेल, आपल्याकडून काही झालंय का हे त्या कधीच तपासत नसतील, तर तेही वाईट लक्षण. कुणाच्या मनात आत्महत्येचे विचार घोळत असतील तर त्याला वाट बघायला लावायचं नाही. तिथे तातडीची मदत, गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषध आधी.

पुराव्याबद्दल. जोनाथन शेडलर यांचा २०१० मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये आलेला आढावा या विषयावर सर्वात जास्त चर्चिला गेला. सायकोडायनॅमिक थेरपीचा परिणाम पुराव्यावर आधारलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या इतर थेरपींच्या तोडीचा आहे, आणि थेरपी संपल्यावरही सुधारणा चालू राहताना दिसते, असं त्यात मांडलंय. त्याच्यावर टीकाही झाली. किती अभ्यास घेतले, कसे घेतले, यावर वाद आहेत. माझं मत सांगते: सीबीटी वाईट आणि हे खोल, अशी भांडणं मला पटत नाहीत. धडधडीसाठी कोरी_पानं यांनी सीबीटी घेतली हे अगदी योग्य झालं. आता त्यांचा प्रश्न वेगळा आहे, एकच घडी वेगवेगळ्या नात्यांत पुन्हा पुन्हा पडण्याचा, आणि त्यासाठी ही पद्धत मला जास्त जवळची वाटते.

उतारावरून

मी रुग्णाच्या खुर्चीतून लिहितोय. माझी थेरपी संपून बराच काळ झाला. माझा बचाव तुमच्यापेक्षा वेगळा होता. मी सगळं समजावून सांगायचो. वडिलांच्या मृत्यूबद्दल बोलताना कारणमीमांसा करायचो, वाचलेलं सांगायचो, एकदाही आवाज हलला नाही. थेरपिस्टनी नंतर त्याला बौद्धिकीकरण म्हणतात असं सांगितलं. बचावांची अशी पद्धतशीर मांडणी ॲना फ्रॉइडने १९३६ च्या पुस्तकात केली, वगैरे. ते कळून माझ्यात काडीचाही फरक पडला नाही. उलट मला बोलायला आणखी एक विषय मिळाला!

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने. माझी एक लकब होती. सेशन संपायला दोन मिनिटं राहिली, मी उठलो, हात दाराच्या कडीवर, की तेव्हा मी सर्वात महत्त्वाची गोष्ट बोलायचो. 'बाय द वे, काल मी त्यांचा शर्ट घातला होता.' असं. थेरपिस्ट दर वेळी म्हणायचे, 'हे पुढच्या वेळी सुरुवातीला बोलूया.' मी पुढच्या वेळी विसरलेला असायचो. एकदा ते म्हणाले, 'तुम्ही मला अशा वेळी सांगता की मला तुमच्यासाठी काहीच करता येऊ नये.' मी परत खाली बसलो. वेळ संपली होती, त्यांनी ती वाढवली नाही, पण पुढच्या आठवड्यात मी दारातून आत येतानाच बोलायला लागलो.

आणि हे एकदा होऊन भागत नाही, हे कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं. तीच गोष्ट बहिणीबरोबर, मग मित्राबरोबर, मग पुन्हा थेरपिस्टबरोबर. तेच तेच. कंटाळा येतो. पण दर वेळी थोडं आधी पकडता येतं.

समोरची_खुर्ची

तुमच्या शेवटच्या परिच्छेदाला आम्ही 'वर्किंग थ्रू' म्हणतो. आठवणं, पुन्हा तेच करणं आणि त्यातून पार जाणं, यावर फ्रॉइडचा १९१४ चा लेख आहे. माणसाला जे आठवत नाही ते तो वागून दाखवतो, असं त्यात आहे. कोरी_पानं, उपयोग होतोय का हे ओळखायची एक खूण यातच आहे. 'सॉरी' तोंडून निघून गेल्यावर तासाभराने लक्षात येतं, मग लगेच लक्षात येतं, मग ते ओठांवर असतानाच. हा काळ कमी होत चाललाय का, ते बघा. काही महिन्यांत अजिबात हालचाल नसेल तर तेही मॅडमपुढे मांडा; ध्येय काय ठरलं होतं, अजून किती काळ लागेल असं त्यांना वाटतं, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कोरी_पानं

सगळ्यांचे आभार. परवा सेशन झालं. मी बोलले. वाक्य जवळजवळ पाठ करून गेले होते, तरी निम्मंच बाहेर पडलं: 'तुम्ही तसं विचारलंत ते मला आवडलं नाही.' आणि लगेच, मॅडमनी तोंड उघडायच्या आत, मी म्हटलं, 'सॉरी.'

त्या म्हणाल्या, 'माझा प्रश्न तुम्हाला टोचला, आणि मी तो फार लवकर विचारला असेल. पण आत्ताचं सॉरी कशासाठी होतं?' यावेळी राग नाही आला. मी म्हटलं, तुम्ही दमलेल्या दिसताय म्हणून. त्या दमलेल्या होत्या की नव्हत्या कोण जाणे. मग आईच्या खोलीबद्दल बोलले, दार लावलेलं असायचं त्याबद्दल, बाहेर बसून अभ्यास करायचे त्याबद्दल. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. रडूबिडू आलं नाही. खूप चिडचिड झाली, आईवर, म्हणजे आजारी माणसावर, आणि ते अजून मला पटत नाहीये.

थेरपी चालू ठेवतेय सध्या. एक शेवटचं विचारते. आता स्वप्नं फार पडायला लागलीत. उठल्याउठल्या लिहून काढू का आणि वही घेऊन जाऊ का?

समोरची_खुर्ची

न पटणारी चिडचिड तशीच घेऊन जा, तिला आधी पटवून घेऊ नका.

स्वप्नांचं म्हणाल तर ती जरूर सांगा, पण वहीची गरज नाही. जाग आल्याबरोबर स्वप्न लिहून काढायला लावू नये, असं फ्रॉइडनेच १९११ मध्ये स्वप्नांच्या हाताळणीवरच्या लेखात लिहिलंय. लिहिलेलं स्वप्न नीट राहतं, पण त्याच्याभोवती मनात जे येतं ते कागदावर येत नाही, आणि आम्हाला तेच हवं असतं. अर्धंच आठवलं तर अर्धंच सांगा. तुमच्या बाबतीत माझा आणखी एक आक्षेप आहे: नीट लिहून, तारीख घालून आणलेली वही म्हणजे पुन्हा तो गृहपाठ होईल, आणि तो तुम्ही फार छान कराल.